रेडिएटरात हळद टाकू की नवाच बसवू? (२०१० ची अल्टो)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी अल्टो एलएक्सआय, २०१०, पेट्रोल. मीटरवर एक लाख अठरा हजार. आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलीय, त्यामुळे एवढ्यात विकायची नाही असं घरात ठरलंय. (मेहुण्याचं ठरलेलं नाही, पण त्याचं सोडा.) रोजचा वापर जुळे सोलापूर ते सात रस्ता, आणि अधूनमधून गावी मंगळवेढ्याला.

मार्चपासून कूलंट कमी होतंय. काटा चालताना निम्म्यावर असतो, पण एसी लावून सिग्नलला थांबलं की वर सरकायला लागतो. गॅरेजला दाखवली तर मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि यादीच हातात दिली. रेडिएटर, दोन्ही अ‍ॅक्सल, दोन्ही लोअर आर्म, पुढचे शॉकअप, मागचे ब्रेक लायनर, दोन्ही हेडलाइट, शिवाय टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरचं झाकण) ऑइल येतंय म्हणून "वरचं सगळं खोलावं लागेल". मजुरी धरून पस्तीस हजारांच्या वर. गाडी विकली तर लाखभर तरी येतील का, शंकाच आहे.

मला पाना-पक्कड धरता येते. प्लग, फिल्टर, बॅटरी घरीच बघतो. यातलं घरी स्वस्तात काय निभेल, आणि कशाला हात लावू नये? शेजारचे म्हणतात रेडिएटरात हळद टाका, बंद होतं.

---

शेंगाचटणी

टाक की बे हळद! दोन चमचे. आमच्या चुलत्यांचा टेंपो हैदराबाद रोडवर असाच गळत होता, हळदीवर घरापर्यंत आलता. पस्तीस हजार कशाला घालतोस, तेवढ्यात दोन वर्षाचं पेट्रोल येतंय.

---

नवागाडीवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंधरा वर्षं झालेल्या गाडीत दर महिन्याला काहीतरी निघणारच. रविवार गाडीखाली घालवण्यापेक्षा यादी पूर्ण करून टाका नाहीतर गाडी काढा. आपल्या वेळेलाही काही किंमत असते.

---

डेपोकाका

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हळदीनं गळती थांबते हे खरं आहे. अंडं फोडून टाकतात, त्यानेही थांबते. बाजारात डबीत मिळणारी पावडर त्याच जातीची. बारीक कण पाण्याबरोबर फिरतात, भोकापाशी अडकतात आणि तिथे गच्च बसतात. अडचण अशी की भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे त्या कणांना कळत नाही. कोअरच्या, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या जाळीच्या, नळ्या आतून चपट्या आणि अरुंद असतात. हीटरच्या कोअरच्या त्याहून बारीक. रात्री अकरा वाजता मोहोळच्या पुढे अडकलात तर हळद टाका आणि घर गाठा. पण घर गाठल्यावर ते पाणी काढून आतून धुवावंच लागतं. हळद टाकून वर्षभर फिरणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर आम्ही उघडून पाहिलेत, आत पिवळा लगदा.

पूर्वी रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. गळाले की झाळून घ्यायचे, पुढची पाच वर्षं बिनघोर. तुमच्या अल्टोत कोअर अॅल्युमिनियमचा आणि वरखालच्या टाक्या प्लास्टिकच्या, मध्ये रबराची पॅकिंग, कडेनं पत्रा दाबून बसवलेला. हे झाळता येत नाही. एमसील लावतात लोक. गाडी गरम झाली की प्लास्टिक फुगतं, थंड झाली की आक्रसतं, एमसील काही फुगत-आक्रसत नाही. कड सुटते. शिवाय आतलं पाणी दाबाखाली असतं, नळाच्या पाण्यासारखं नुसतं वाहत नाही.

पण जुळेसोलापूरकर, रेडिएटर गेला हे कशावरून ठरवलं? मिस्त्रींनी प्रेशर लावून पाहिला का? तुम्ही लिहिलंय की चालताना काटा ठीक असतो आणि थांबल्यावर चढतो. चालताना गरम होत असेल तर बहुधा पाण्याचं फिरणं अडलेलं असतं. थांबल्यावर गरम होत असेल तर आधी हवेकडे बघावं. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे आजार असू शकतात, एक गळतीचा आणि एक हवेचा. एकाच रेडिएटरच्या नावावर दोन्ही खपवू नका.

नवा घेण्याआधी हे बघा. गाडी पूर्ण थंड असताना. गरम गाडीचं टोपण उघडून हात भाजलेली माणसं आम्ही डेपोत पाहिलीत, त्यात अनुभवी ड्रायव्हरही होते.

टोपणाची रबरी वायसर कडक झालीय का, स्प्रिंग ढिली आहे का ते बघा. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९ दाबावर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून गाडी आपल्या उन्हात तग धरते. टोपणानं दाब धरणं सोडलं की पाणी शंभरालाच उकळून बाटलीत जातं आणि माणूस म्हणतो रेडिएटर गळतोय. त्याच आकड्याचं नवं टोपण दोनशेच्या आतबाहेर मिळतं. सगळ्यात आधी ते.

मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कुठल्या रंगाचा आहे ते कळेल. होजपाइपाच्या क्लिपा बघा. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय, रेडिएटर निर्दोष. आणि टाकीच्या कडेला हिरवट-पांढरी खपली धरलेली असेल तर मात्र मिस्त्री बरोबर.

हवेसाठी एसी चालू करून बोनेट उघडा, पंखे फिरतात का बघा. फिरत असतील तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. आपल्याकडे धूळ, कापसाचा तूस, उसाचं पाचट, सगळं तिथे जाऊन बसतं.

---

जुळेसोलापूरकर

काका, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. प्रेशर लावून नाही पाहिला, नुसता खालून टॉर्च मारला होता. उद्या पुठ्ठा टाकतो.

---

शेंगाचटणी

काका, थर्मोस्टॅट काढून टाकला तर? आमच्या इथं सगळे काढतेत. सोलापुरात थर्मोस्टॅट कशाला पाहिजे, थंडी हाय कुठं इथं?

---

डेपोकाका

हा सोलापुरी इलाज मला पाठ आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेला तरी इंजिनाच्या दृष्टीनं ती थंडीच आहे हो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप, तो साधारण ८२ अंशांच्या पुढे उघडतो. तो काढला की इंजिन पुरेसं तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल मारत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. शंका असेल तर काढा, दोऱ्याला बांधून पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडा. उघडला तर परत बसवा, नाही उघडला तर नवा घ्या. (पातेलं नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.)

---

तुळजापूर_नाका

मी स्वतः २००८ ची झेन एस्टिलो चालवते आणि किरकोळ कामं घरीच करते, म्हणून लिहिते. मला यादीतल्या "दोन्ही अ‍ॅक्सल"वर शंका आहे.

जुळेसोलापूरकर, स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवल्यावर कटकट असा आवाज येतो का? येत असेल तर अ‍ॅक्सलचा चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जोड झिजलाय, तो बदलावा लागेल. आवाज नसेल आणि नुसतं चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसत असेल तर फाटलंय ते जोडावरचं रबरी बूट. जोड आतून धडधाकट असू शकतो. जोड खोलून, रॉकेलनं धुऊन, काळं मॉली ग्रीस भरून नवं बूट घालायचं. बूट काही शेकड्यात येतं, अ‍ॅक्सलला काही हजार लागतात. मात्र हे फाटल्या-फाटल्या केलं तरच. एक पावसाळा फाटक्या बुटानं काढला की आत माती-पाणी जातं, ग्रीसची लापशी होते आणि मग खरंच अ‍ॅक्सल जातो.

फाटलेल्या बुटाला ट्यूबचा तुकडा चिकटवून देणारे आहेत. ते बूट प्रत्येक वळणाला आणि खड्ड्याला दुमडतं. चिकटवलेलं टिकत नाही.

गॅरेजवाले सरळ अ‍ॅक्सल का सांगतात तेही कळतं मला. बूट बदलायला मेहनत तेवढीच, उलट हात जास्त बरबटतात, आणि पैसे मिळतात कमी. शिवाय दोन महिन्यांनी जोड वाजला तर गिऱ्हाईक येऊन त्यांच्याच डोक्यावर बसतं. त्यांचा दोष नाही. पण विचारल्याशिवाय हा पर्याय कुणी सांगत नाही.

---

जॉबर

मी यंत्रमागावर जॉबर आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आमचा दिवस जुगाडातच जातो. चामड्याचा तुकडा, वायसर, तार, जे हाताला येईल ते लावून माग चालू करायचा. मालक उभा असतो ना डोक्यावर. मागावर ते चालतं, कारण जुगाड सुटला तर फार तर ताणा तुटेल, कापड थांबेल, परत जोडू. गाडीत मी एवढंच बघतो की हे सुटलं तर पुढं काय जाईल. आरशाला, दरवाजाच्या हँडलला, बंपरला मी काय वाटेल ते लावतो. बंपर तारेनं शिवलाय माझा. चाक धरून ठेवणाऱ्या बॉल जॉइंटला लावत नाही.

---

शेंगाचटणी

बंपर शिवलेला फोटो टाक की 😄

---

जुळेसोलापूरकर

अहवाल. पुठ्ठ्यावर पुढच्या उजव्या बाजूला हिरवट डाग. टोपणाची वायसर चिरलेली होती, नवं आणलं. वरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला काकांनी सांगितली तशी खपली आहे, नखानं खरवडली तर खाली ओल. म्हणजे रेडिएटर घ्यावा लागणार.

पण एसीचं वेगळंच निघालं. मधल्या फटीत टॉर्च मारला तर जाळी दिसतच नव्हती, धुळीचा आणि तुसाचा नमदा बसलेला. दोन्ही पंखे फिरतात.

कटकट आवाज नाही. डाव्या बाजूचं बाहेरचं बूट फाटलंय, उजवीकडची दोन्ही धड आहेत. मिस्त्रींना फोन केला, म्हणाले "करून देतो की बूट, तुम्ही बोललाच नाही."

रेडिएटर कुठला घेऊ? कंपनीचा महाग आहे. दुकानदार तीन-चार प्रकारचे दाखवतो, एक तर निम्म्या किमतीत.

---

तुळजापूर_नाका

तो "बोललाच नाही" मलाही ऐकवलाय 😀

---

नवी_पेठेतला

स्पेअर पार्टचं दुकान आहे, म्हणून नाव गाव न घालता लिहितो. तीन प्रकारचा माल असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. दोन, कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचा, त्याच्या स्वतःच्या डब्यातला. तीन, डब्यावर नावासारखं नाव असलेला. दुसरा प्रकार घ्या. पहिल्याच्या तोडीचा असतो आणि स्वस्त. तिसरा ओळखायचा तर रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांची कड बघा, पत्रा एकसारखा दाबलेला नसेल तर ठेवून द्या. वजन हातात घेऊन बघा, कोअरची जाडी जुन्याला लावून बघा.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या रेटचं पत्रक दाखवून कुणी पैसे घेत असेल तर विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

भंगारातल्या गाडीचे पार्टही वाईट नसतात. काचेची मशीन, वायपर मोटर, दरवाजाचं कुलूप, सीट, आरसा, बिनधास्त घ्या. रबर असलेलं, ब्रेकचं आणि स्टीअरिंगचं काहीही जुनं घेऊ नका, मी दुकानदार आहे म्हणून सांगतोय असं नाही.

---

डेपोकाका

नवा रेडिएटर बसवाल तेव्हा होजपाइप दाबून बघा. मऊ पडलेले किंवा दाबल्यावर आतून करकरणारे असतील तर तेही बदला, क्लिपांसकट. कूलंट काढलेलंच असतं, मजुरी पुन्हा लागत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, पाणी. आपल्या इथं नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून रेडिएटरात काय जातं, तर बोअरचं. बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांना आतून धरतो. वीस लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून ठेवा. कूलंट डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं. नुसतं पाणी घालणाऱ्यांचा युक्तिवाद असतो की इथं बर्फ कुठे पडतो. कूलंट बर्फासाठीच नसतं. ते गंज रोखतं, उकळण्याचा अंश वर नेतं.

जाळी धुताना प्रेशरवाला पाइप मारू नका, पात्या आडव्या होतात. बागेच्या पाइपानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर. घाण आली त्याच वाटेनं परत.

काटा वर गेला तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं म्हणणाऱ्यानं अॅल्युमिनियमचा हेड वाकवलाच समजा. मग हेड गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायच्या टोपणाखाली दुधाळ, कॉफीसारखा थर दिसला की खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट. एवढ्यासाठी रेडिएटरवर काटकसर करू नका म्हणतोय.

---

शेंगाचटणी

बरं काका, हळद मागं घेतो. मागच्या लायनरचं काय? पॉलिश पेपर मारला की परत धरतेत ब्रेक. कशाला नवे?

---

डेपोकाका

कशानं धरत नाहीत त्यावर आहे. लायनर जाड आहे पण वरून काचेसारखा गुळगुळीत झालाय, तर पेपर मारून चालतो. धूळ तोंडानं फुंकायची नाही आणि हवाही मारायची नाही. जुन्या लायनरच्या धुळीत काय असेल सांगता येत नाही. ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्या.

पण चाकातला सिलिंडर पाझरून लायनर ब्रेक ऑइलनं भिजला असेल, तर पेपर, पेट्रोल, काहीही करा, उपयोग नाही. आतपर्यंत शोषलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं. एक चाक धरतं, एक धरत नाही, आणि गाडी फिरते. तेव्हा दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदलायचे आणि सिलिंडरही. सिलिंडरची किट म्हणजे नुसते रबर बदलून मिळतात, पण आत बोटानं चाचपून खड्डे लागले तर किट टिकत नाही.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवतंय का कुणाला इथं? ते हवेतलं पाणी ओढतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून ठेवला की हेच ओलसर ऑइल उकळतं, पेडल खाली जातं आणि पायाखाली काही लागत नाही.

---

तुळजापूर_नाका

घाट आमच्या रोजचा. दुसऱ्या गिअरात उतरा, ब्रेकवर बसू नका.

---

नवागाडीवाला

एवढं सगळं वाचून माझं मत जरा बदललं. जरा. पण कृपा करून डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका कुणी.

---

जॉबर

हे बरोबर. घोडी (उचललेली गाडी टेकवायचा स्टँड) आणा. दोन घोड्यांचा खर्च एका पंक्चरवाल्याच्या जॅकएवढाच आहे. चाकामागं दगड, जमीन सपाट आणि टणक. जुळे सोलापुरात काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल. फळी टाकल्याशिवाय घोडी लावू नका.

---

जुळेसोलापूरकर

टॅपेट कव्हरचं कुणी सांगेल का? ऑइल इंजिनाच्या मागच्या बाजूनं ओघळतंय. सायलेन्सरवर पडून वास येतो.

---

तुळजापूर_नाका

हे तुमचं रविवारचं काम. "वरचं सगळं" काहीही खोलावं लागत नाही. इंजिन थंड. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा पाइप आणि आडव्या येणाऱ्या वायरी बाजूला (आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठली कुठे ते), बोल्ट काढा, कव्हर उचला. जुनी रबरी पॅकिंग हाताला प्लास्टिकसारखी कडक लागेल. दोन्ही कडा फडक्यानं कोरड्या करायच्या, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायच्या नाहीत, अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. इंजिन उघडं असताना वर फडकं झाकून ठेवा.

नवी पॅकिंग कोरडीच बसवायची. सिलिकॉन लावायचं झालं तर फक्त कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढं. खूप लोक चारी बाजूंनी टूथपेस्टसारखी वेटोळी काढतात. बाहेर आलेलं दिसतं आणि पुसलं जातं. आत गेलेलं कुणाला दिसत नाही. ते सुटून खाली ऑइलच्या जाळीवर बसतं, पंपाला ऑइल मिळत नाही, आणि शंभर-दोनशेच्या पॅकिंगपायी इंजिन बांधायला जातं.

बोल्ट सगळे एकदम नको. मधून बाहेर, थोडे थोडे, हलक्या हातानं. पाना लांब घेऊ नका म्हणजे जोर लागणारच नाही. फार पिळलं की पॅकिंग चेपून तिथेच गळती.

---

नवी_पेठेतला

दोघं-तिघं गिऱ्हाईक पॅकिंग घेऊन जातात आणि आठवड्यात परत येतात, "तुमची पॅकिंग खराब". बोल्ट पिळलेले असतात. ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून काउंटरवर लावावा म्हणतो.

---

शेंगाचटणी

हेडलाइटला कोलगेट. हे तरी चालतंय का नाही?

---

जॉबर

चालतं, पंधरा-वीस दिवस. काचेवरचा उन्हापासून वाचवणारा थर उडालेला असतो. पाण्यात भिजवून ८००, मग १०००, १५००, २००० नंबरचा पेपर क्रमानं मारा, कंपाउंडनं चमकवा आणि वरून क्लिअर लॅकर मारा. लॅकर नाही मारलं तर आपल्या उन्हात पुन्हा पिवळे. गाडी सावलीत लावा एवढंच. नवे हेडलाइट घ्यायची काहीएक गरज नाही, आतली चंदेरी वाटी काळी पडली नसेल तर.

---

डेपोकाका

राहिलं लोअर आर्म आणि शॉकअप.

लोअर आर्मला दोन गोष्टी असतात, रबरी बुश आणि बॉल जॉइंट. बुश चिरला असेल तर एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला प्रेसवर काढून नवा बसवून देतो, आर्म तोच राहतो. बॉल जॉइंट हलत असेल तर मात्र तो ठोकून घट्ट करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. असे आहेत, कामही सफाईदार करतात. तो निखळला की चाक आडवं होतं आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं. चाक वर घेऊन खाली-वर हलवून बघा, खडखड लागली तर पूर्ण आर्म.

शॉकअपवर नुसती धूळ असेल तर घाई नाही. तेलानं ओला असेल तर गेला. बंपर दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहिली तर गेला. बदलायचे तर जोडीनं. तेल भरून नवे करून देतात त्यांच्या नादी लागू नका, सील जुनंच असतं. नंतर अलाइनमेंट, नाहीतर टायर खाईल. टायरचं वय बघता ना? बाजूला चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

---

नवागाडीवाला

प्रश्न. आता पंपावर इ-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. २०१० च्या गाडीला ते चालतं का? त्याचं काही करावं लागतं का?

---

नवी_पेठेतला

२०२३ च्या आधीच्या गाड्या मुळात त्यासाठी बनवलेल्या नाहीत. गाडी चालते, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. जपायचं ते रबराला. टाकीपासून इंजिनापर्यंत जिथे जिथे रबरी नळी आहे तिथे वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या किंवा बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी बदला. इंजेक्शनच्या गाडीला इंजेक्शनचीच नळी लागते, दाबाची. दुकानात मीटरवर मिळते, महाग नाही. कुणी कुलरची पारदर्शक नळी आणि तारेचा वेढा लावून देत असेल तर हात जोडा. हे जुगाडाचं ठिकाण नव्हे, बाजूला गरम सायलेन्सर आहे. इंजिनात एक टायमिंगचा पट्टाही रबराचाच आहे, तो मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदललाय का ते बघून घ्या. विकत घेतलेल्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

---

तुळजापूर_नाका

आरसीबद्दल कुणासाठी तरी. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाची फी चारचाकीला २०२२ पासून पाच हजार आहे आणि ते पाच वर्षांसाठी होतं. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. झेन, एटहंड्रेड वाल्यांनी हिशेबात धरा. तपासणीला जाण्याआधी दिवे, हॉर्न, ब्रेक, पीयूसी बघूनच जा.

---

जुळेसोलापूरकर

ठरलं असं. रेडिएटर, होजपाइप, एक बूट, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल गॅरेजला. डावा सिलिंडर ओला निघाला, तो पण. लोअर आर्मचे फक्त बुश, बॉल जॉइंट घट्ट आहेत. शॉकअप कोरडे, राहू दे. टॅपेट पॅकिंग, हेडलाइट, जाळी धुणं माझ्याकडे. बेरीज चौदा हजारांच्या आत बसतेय.

एक राहिलं. रेडिएटरमधलं जुनं कूलंट मिस्त्री गटारातच सोडतात. मी घरी आणलं तर त्याचं काय करू?

---

डेपोकाका

गटारात नको आणि अंगणात तर मुळीच नको. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोडसर असतं. कुत्री, मांजरं, गायी चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा. जुनं ऑइल गोळा करणारे ज्या मोठ्या गॅरेजला येतात, तिथे विचारून द्या, पण ऑइलच्या पिंपात ओतू नका, वेगळं ठेवायला सांगा.

आणि कॅनवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. पाणी येईल त्या दिवशी रिकामं दिसेल ते भांडं भरून ठेवायची सवय आहे आपल्या घरांत.